सायलेन्सर मोकळा, इंजिन धोक्यात

टर्बोची गाडी हाती आली की हौशी तरुणाचे लक्ष आधी सायलेन्सरकडे जाते. कंपनीचा सायलेन्सर म्हणजे गाडीच्या नाकावर बांधलेला रुमाल. तो काढला की बघा कशी पळते, असे मित्रमंडळी सांगतात. गॅरेजवालाही मान डोलावतो. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नसते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. गाडी खरोखरच पळू लागते. कधी कधी तर इंजिनाला झेपणार नाही इतकी.

साध्या इंजिनाचा सायलेन्सर बदलला तर आवाज वाढतो, ताकदीत किंचित फरक पडतो. टर्बोचे तसे नाही. टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, तर दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनात कोंबतो. कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. हवा जास्त शिरली की पेट्रोलही जास्त जाळता येते, म्हणून लहानशा इंजिनातून मोठी ताकद मिळते. हवेच्या या वाढीव दाबाला 'बूस्ट' म्हणतात.

पण दाब वाढतच गेला तर? त्यासाठी धुराच्या वाटेवर एक झडप बसवलेली असते. तिचे नाव वेस्टगेट. दाब ठरलेल्या आकड्यावर पोचला की ती उघडते आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. स्वयंपाकघरात कुकरची शिटी जे काम करते, जवळपास तेच.

जपानी गाडीचा धडा

ही झडप आणि सायलेन्सर यांचे नाते किती नाजूक असते, हे माझ्दा कंपनीच्या आरएक्स-७ या गाडीने जगभरच्या हौशी मंडळींना चांगलेच शिकवले. या गाडीची तिसरी पिढी १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. इंजिन जेमतेम १३०८ सीसीचे, पण रोटरी पद्धतीचे. त्यात पिस्टन नाहीत. तिकोनी रोटर गरगर फिरतात. त्याला दोन टर्बो जोडलेले आणि ताकद सुरुवातीलाच २५५ अश्वशक्ती. पहिला टर्बो कमी वेगात काम करी, मिनिटाला सुमारे ४५०० फेऱ्यांपाशी दुसरा त्याच्या मदतीला येई. टायरमध्ये हवा भरताना आपण ज्या पौंडांत मोजतो त्याच मापात सांगायचे, तर दाब १० पौंड राही, दुसरा टर्बो जोडला जाताना क्षणभर ८ वर उतरे आणि पुन्हा १० वर येई.

टर्बोमधून निघालेल्या धुराला मागच्या नळकांड्यापर्यंत तीन अडथळे पार करावे लागत. आधी एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मोठा आणि शेवटी सायलेन्सर. छोटा कन्व्हर्टर बॉनेटखाली भयंकर तापे, म्हणून अनेक मालकांनी तो काढून सरळ नळी बसवली. गाडी खूश, मालकही खूश. मग मोठाही काढला आणि सायलेन्सरही मोकळा केला. आता मात्र वेगळेच घडू लागले. काटा १० वर थांबेना. इंजिनाचे फेरे वाढतील तसा तो १२, १३, १४ असा वर सरकू लागला. थंडीच्या दिवसांत तर जास्तच, कारण थंड हवा दाट असते.

झडप बिघडली होती का? मुळीच नाही. ती पूर्ण उघडी होती. पण तिचे भोक मापून ठेवले होते ते पुढे तीन अडथळे आहेत असे धरून. वाट मोकळी झाल्यावर पंख्याकडे इतका धूर धावू लागला की ते भोक अपुरे पडले. अडथळा समजून जे काढून टाकले, ते दाबाला लगामही घालत होते.

हवा वाढली तरी तेवढे पेट्रोल पुरवण्याची तजवीज गाडीच्या संगणकात नव्हती. पेट्रोल कमी पडले की मिश्रण भलत्या वेळी भडकते, इंजिनात हातोडे बसल्यासारखे धक्के बसतात. म्हणून दाब हाताबाहेर गेला की संगणक पेट्रोलच तोडत असे आणि गाडी जोराचा झटका खाई. काही बहाद्दरांनी या झटक्यावर उपाय काढला. संगणकाला खोटा दाब दाखवणारे उपकरणच बसवले! फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार लावण्यातलाच हा प्रकार. रोटरच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या अशा धक्क्यांत तुटतात, तुकडे धुराबरोबर जाऊन टर्बोच्या पंख्यालाही लागू शकतात आणि सारे इंजिन उघडण्याची वेळ येते.

जाणकारांनी खरा उपाय केला तो झडपेचे भोक घासून मोठे करण्याचा, किंवा मोठा कन्व्हर्टर जागेवर राहू देण्याचा. संगणकातले पेट्रोलचे प्रमाणही नव्याने बसवून घ्यावे लागे. हे काम खर्चाचे आणि कानाला न जाणवणारे, त्यामुळे ते मागे पडे.

याच गाडीत उलटी तक्रारही होती. दुसरा टर्बो जागाच होत नसे. टर्बोंवर नियंत्रण ठेवणाऱ्या बारीक रबरी नळ्यांचे बॉनेटखाली जाळे होते आणि त्या उष्णतेने कडक होऊन तडकत. अशा वेळी टर्बो बदलण्याआधी नळ्या तपासणे शहाणपणाचे, पण महाग वस्तूवर संशय घेण्याची आपल्याला सवयच असते.

आपल्याकडे काय?

भारतात आता टर्बो पेट्रोल इंजिन चैनीची वस्तू उरलेले नाही. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयनंतर ते साध्या घरगुती गाड्यांतही पोचले. नव्या गाड्यांत दाबावर संगणकाची नजर कडक असते. हिशेब जुळला नाही तर तो ताकद कमी करून गाडी जेमतेम चालू ठेवतो. कन्व्हर्टर काढला तर त्यामागचा सेन्सर डॅशबोर्डवर दिवा लावतो. तो दिवा विझवण्याची युक्ती सांगणारे गॅरेज भेटले, तर मुलाला तिथून परत आणलेले बरे.

कायद्याची बाजू तर अधिकच अडचणीची. वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले. धूर आणि आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिने परवाना हातचा जातो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते पाहून कारवाले हसले असतील. पण कलम त्यांनाही तेच लागू आहे.