तांबेऱ्यावरील पहारा

शहरांत आपणांस पोळी दिसते, गव्हाचें शेत दिसत नाहीं. निफाडकडील शेतकरी मात्र पौष-माघांत गव्हाच्या काडीवरून बोट फिरवून पाहतो. बोटाला विटकरी पूड लागलीच, तर त्याच्या पोटांत धस्स होतें. हा काळा तांबेरा. पुढें त्याचे चट्टे काळे पडतात. १९४६-४७ च्या हंगामांत मध्य भारतांतील गहू यानेंच बुडविला.

ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. नाशिकचा वैशाख त्यांना सोसत नाहीं. मग रोग पुन्हां येतो कोठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं याचा माग काढला. दक्षिणेंत नीलगिरी व पळणी डोंगरांच्या थंडाव्यांत तो उन्हाळा काढतो आणि वाऱ्यावर बसून उत्तरेकडे येतो.

म्हणून पहारा ठेवावयाचा तो वाऱ्याच्या वाटेवर. रोगाला चटकन बळी पडणाऱ्या जुन्या जातींचे लहान वाफे ठिकठिकाणीं मुद्दाम पेरतात. सापळाच म्हणा ना! तेथें पहिला ठिपका दिसतांच तारीख टिपतात आणि रोगट पान सिमल्याच्या फ्लॉवरडेल प्रयोगशाळेकडे परीक्षेसाठीं धाडतात. कारण या बुरशीचे वंश अनेक. नवा वंश निपजला, कीं काल टिकलेली जात आज आडवी होते. अनुकूल हवेंत एका ठिपक्यापासून नवे ठिपके उठावयास आठ-पंधरा दिवस पुरतात. दक्षिणेची वार्ता निफाडास त्यापूर्वीं पोहोंचावी लागते.