दोर हातात ठेवा

लॉकमध्ये, म्हणजे कालव्याच्या दोन पातळ्यांमधल्या दारबंद हौदात, बोट वर चढत असताना दोर बांधायचा नसतो, धरायचा असतो. काठावरच्या लोखंडी खुंटाला एक वेढा द्यायचा, मोकळं टोक हातात ठेवायचं आणि पाणी चढेल तसा सैल पडणारा दोर ओढून घ्यायचा. दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावर भाड्याची बोट ताब्यात देताना तिथल्या बाईंनी हे पुन्हा पुन्हा बजावलं. इंजिन, सुकाणू, ताशी आठ किलोमीटरची वेगमर्यादा हे सगळं त्यांनी भराभर उरकलं. चालवायला परवाना लागत नाही, एवढं शिक्षण पुरतं. सहलीच्या जाहिरातींत झाडांची सावली, चीज आणि वाईनचे पेले असतात. दोर कुठेच नसतो.

आम्ही भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालो, म्हणजे चढणीच्या दिशेने. लॉक दिसलं की आधीच एकाने काठावर उतरायचं. बोट आत आली की खालून दोर वर फेकले जातात, एक पुढचा, एक मागचा. मागचे दरवाजे मिटतात. लॉकवाला खांबावरच्या पेटीतलं बटण दाबतो, पुढच्या दरवाजांच्या तळाच्या झडपा उघडतात आणि वरच्या अंगाचं पाणी आत घुसतं. ते शांतपणे भरत नाही, उसळतं. बोटीचं तोंड एकदा इकडे, एकदा तिकडे जायला बघतं. पुढचा दोर ज्याच्या हातात, त्याचे खांदे संध्याकाळी बोलतात. उतरताना हाच खेळ कितीतरी सौम्य असतो, मात्र तेव्हा दोर पक्का बांधलेला असेल तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. म्हणून वेढाच, गाठ नाही.

वर उभं राहिलं की लॉकचा आकार लक्षात येतो. दोन्ही भिंती बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, लंबगोल. सुरुवातीला सरळ भिंतींचं लॉक बांधलं, ते ढासळलं. मग भिंतींना कमानीसारखा बाक दिला. आपल्याकडची दगडी विहीर ज्या कारणासाठी गोल बांधतात तेच हे कारण: मागची माती रेटते, आणि तो रेटा दगड एकमेकांत वाटून घेतात. त्या बाकाचा आजच्या पर्यटकाला एक तोटा आहे. बोट भिंतीला सपाट टेकत नाही, त्यामुळे दोरावरचं काम वाढतं.

हे सगळं उभं केलं पिएर-पॉल रिके याने. तो इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. चौदाव्या लुईच्या परवानगीने १६६७ मध्ये काम सुरू झालं, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. तुलूझपासून समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. रिके १६८० मध्येच वारला, अंगावर मोठं कर्ज ठेवून. त्याच्या मजुरांत बायकाही बऱ्याच होत्या.

बेझिए हे त्याचं जन्मगाव. तिथे आधी बोट ऑर्ब नदीवरच्या पुलावरून जाते. पाण्याचा पूल, खाली पाण्याचीच नदी, आणि आपण सुकाणू धरून मध्ये. हा पूल १८५८ सालचा, त्यापूर्वी बोटी नदीतूनच पार व्हायच्या आणि पूर आला की खोळंबायच्या. पुलानंतर लगेच फोंसेरानची पायऱ्यांची रांग येते. एका लॉकचं वरचं दार हेच पुढच्या लॉकचं खालचं दार. अशी चढत जाऊन ही रांग २१ मीटरच्या वर उंची गाठून देते. इथे दोरवाला बोटीत परत येतच नाही. तो दोर हातात घेऊन काठाने चढावर चालतो, बोट खालून त्याच्या मागे येते. दोन्ही बाजूंना प्रेक्षक. आइस्क्रीम खात ते आपल्या घामाकडे बघत असतात, हे जरा जास्त होतं. शेजारी १९८०च्या दशकात बांधलेला एक उतार आहे, त्यावरून एका यंत्राने बोट तिच्याखालच्या पाण्यासकट वर ढकलायची होती. यंत्र आता बंद पडून आहे, रिकेची दारं चालू आहेत.

रांगेनंतर मात्र ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत, एकाच पातळीवर. मालपासचा छोटा बोगदाही याच टप्प्यात येतो.

मला खरी भुरळ पडली ती पाण्याच्या हिशेबाची. आपल्या डोक्यात कालवा म्हणजे धरणातून सुटलेलं आवर्तन: पाणी वाहतं, शेतात जिरतं, पुढचं आवर्तन कधी याची चर्चा होते. या कालव्यातूनही आता शेतीला पाणी देतात, पण तो बांधला बोटींसाठी, आणि बोट पाणी वेगळ्या रीतीने खर्च करते. ती चढो वा उतरो, प्रत्येक वेळी लॉकभर पाणी वरून खाली जातं. म्हणजे सगळ्यात उंच टप्प्यावर सतत पाणी यायला हवं, नाहीतर कालवा दोन्हीकडे रिकामा होईल. नोरूझची खिंड हा तो माथा. रिकेच्या आधीचे बेत या प्रश्नापाशीच अडायचे. त्याने काळ्या डोंगरातले ओढे चरांनी एकत्र आणले, सँ-फेरेओलला धरण बांधलं आणि तिथलं पाणी कित्येक किलोमीटर खेळवत नोरूझला आणलं. कास्तेलनोदारीला बोट सोपवून आम्ही तिथे जाऊन आलो. पाहण्यासारखं फार नाही: एक चर येतो, पाणी दोन दिशांना जातं, एक भूमध्य समुद्राकडे, दुसरं तुलूझकडे आणि पुढे अटलांटिककडे.

रात्री मुक्कामाला बोट झाडाला बांधायची नाही, हा नियम कडक आहे. बोटीत लोखंडी खुंट्या आणि घण दिलेला असतो, काठावर त्या ठोकायच्या. काठावर सुमारे ४२ हजार चिनारवर्गीय झाडं होती, त्यांच्यात एका बुरशीचा रोग पसरला आहे. या कालव्यावर ती २००६ मध्ये सापडली. ती पाण्यातून पसरते, बोट घासून मुळाला झालेली जखमही तिला पुरते. रोगी झाड तोडून जागीच जाळतात. त्यामुळे जाहिरातीतल्या गर्द बोगद्यांमधून मध्येच उघडं ऊन लागतं आणि काठीएवढी नवी, दुसऱ्या जातींची रोपं दिसतात.

हिवाळ्यात कालवा बोटींना बंद असतो. मग काही टप्पे कोरडे करून दारं उचलून काढतात, झडपा बदलतात, भिंतींचे दगड पुन्हा बसवतात. हे एका लॉकवाल्याने सांगितलं, तेही जेवणाची सुट्टी संपायची वाट बघत आम्ही बंद दारापाशी ताटकळत असताना. सुट्टी संपायच्या एक मिनिट आधीही त्याने बटणाला हात लावला नाही.