सरोवराची प्रदक्षिणा आणि न आखलेली सीमा



मागच्या व्याख्यानात 'सीमा' या संकल्पनेवर आम्ही बरेच बोललो. शेवटी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "सर, एखादी सीमा प्रत्यक्ष दाखवा ना." प्रश्न अगदी रास्त होता. योगायोग असा, की जी दाखवताच येत नाही अशी एक सीमा आम्ही मध्यंतरी पार करून आलो, आणि तीही सायकलवरून निघून. आज तिच्याबद्दल बोलू.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. दोघेही सत्तरीच्या पुढचे. सायकली भाड्याने घेतल्या, त्या बॅटरीच्या. पायडल मारावेच लागते, पण चढावर मोटर हात देते. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर तुम्ही आमच्या गुडघ्यांचे उगाच कौतुक कराल.

जागा आहे बोडनझे. इंग्रजी नकाशात तिला लेक कॉन्स्टन्स म्हणतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या मधोमध आल्प्सच्या पायथ्याशी हे सरोवर पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २५१ मीटर. हिमयुगात ऱ्हाईनच्या प्रचंड हिमनदीने ही दरी कोरली, आणि आज तीच ऱ्हाईन नदी एका टोकाने आत येते व दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. सरोवराचे खरे म्हणजे दोन भाग आहेत, वरचे मोठे आणि खालचे धाकटे. त्यांना ऱ्हाईनचाच जेमतेम चार किलोमीटरचा तुकडा जोडतो. या सगळ्याभोवती सायकलचा मार्ग आहे, साधारण २६० ते २७० किलोमीटरचा. बहुतेक सपाट, पाट्या जागोजाग. धडधाकट माणसे तो चार-पाच दिवसांत संपवतात. आम्ही आठ दिवस धरले होते, आणि फक्त वरच्या सरोवराला फेरी घालायची असे ठरवले होते.

कोणत्या दिशेने जायचे, हा पहिला प्रश्न. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून घड्याळाच्या काट्याप्रमाणे गेले, तर सायकलवाला पाण्याच्या बाजूला राहतो आणि दृश्य मोकळे मिळते. तिथले लोक बहुतेक असाच सल्ला देतात. आम्हाला एकदम हसू आले. पाणी उजव्या हाताला ठेवून फिरायचे म्हणजे काय, तर प्रदक्षिणाच की! नर्मदा परिक्रमेचा नियम तुम्हाला माहीत आहे. नदी उजवीकडे ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. इथे मात्र दुसरा नियम पहिल्या दहा मिनिटांत मोडतो. कोन्स्टान्झचे जुने गाव ऱ्हाईनच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे पूल ओलांडल्याशिवाय फेरी सुरूच होत नाही. पुढे पूर्वेच्या टोकाला तीच नदी पुन्हा ओलांडावी लागते. सरोवराला फेरी घालणाऱ्याला त्याची नदी दोनदा ओलांडावीच लागते, हे नकाशा बघताना आमच्या लक्षात आले नव्हते.

निघण्यापूर्वी कोन्स्टान्झमध्ये एक दिवस काढला. या गावात १४१४ ते १४१८ अशी चार वर्षे ख्रिस्ती धर्मपरिषद भरली होती. राजाने दिलेल्या अभयाच्या भरवशावर यान हुस इथे आला आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच गावात ८ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री गेओर्ग एल्झर नावाचा एक सुतार पकडला गेला. म्युनिकच्या सभागृहात हिटलरसाठी बॉम्ब लावून तो स्वित्झर्लंडला निसटत होता. हिटलर ठरल्यापेक्षा आधी निघून गेल्यामुळे वाचला. एल्झर सीमेपासून काही पावलांवर अडकला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये डाखाउच्या छावणीत मारला गेला. कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचे क्रॉइझलिंगेन ही गावे आज इतकी चिकटलेली आहेत, की देश कुठे बदलला हे कळत नाही. सरोवरकाठचे कुंपण २००६ मध्ये काढले आणि त्या जागी शिल्पे उभी केली. पण २०२० च्या वसंतात करोना आला, आणि त्याच गावांमध्ये पुन्हा कुंपण उभे राहिले. आधी एक, मग स्पर्शही होऊ नये म्हणून दुसरे. दोन्हीकडची माणसे त्या दुहेरी जाळीपलीकडून एकमेकांशी बोलत उभी असायची. सीमा पुसली गेली असे आपण म्हणतो तेव्हा ती बहुधा नुसती झोपलेली असते, बरं का.

आता प्रवास. पहिल्या दिवशी मधली डोंगराची सोंड टाळण्यासाठी वाट धाकट्या सरोवराच्या काठाने जाते, म्हणजे एक पाणी डावीकडे आणि दुसरे डोंगरापलीकडे उजवीकडे. मग बोडमानपाशी आपण वरच्या सरोवराच्या शेपटाला वळसा घालतो आणि उत्तर काठाला लागतो. उंटरउल्डिंगेनला पाण्यात खांबांवर उभारलेली घरे आहेत. इथल्या प्रागैतिहासिक वस्त्यांच्या नमुन्यावर बांधलेले ते संग्रहालय १९२२ पासून चालू आहे. पुढे मेर्सबुर्ग, हाग्नाउ. एका बाजूला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये सफरचंदांच्या बागा. आणि पलीकडे, पाण्याच्या वर, आल्प्सची रांग. त्यात २,५०२ मीटर उंचीचा झेंटिस.

इथे एक गंमत आहे. डोंगर आहेत दक्षिणेला, पण ते दिसतात उत्तर काठावरून. दक्षिण काठावर, म्हणजे डोंगरांच्या अंगणात गेलात, की ते पाठीमागे जातात आणि समोर दिसतात जर्मनीच्या बुटक्या टेकड्या. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण तक्रारीच्या सुरात वापरतो. तिथे ती साधे वर्णन ठरते. डोंगर पाहायचे असतील तर दुरूनच पाहावे लागतात.

दुसरी गंमत पाण्याची. 'पाण्यासारखे सपाट' असे आपण म्हणतो. पण कोन्स्टान्झपासून ब्रेगेन्झ सुमारे ४६ किलोमीटरवर आहे, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे मधले पाणी दोन्ही काठांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या जवळजवळ ४० मीटर वर फुगलेले असते. म्हणून कोन्स्टान्झच्या धक्क्यावर उभे राहिलात तर ब्रेगेन्झमागचा डोंगर दिसतो, पण ब्रेगेन्झचा काठ दिसत नाही. दुर्बीण लावली तरी नाही. जे आहे ते सगळेच दिसते असे नाही, हे वर्गात शिकवायला आम्हाला एक सत्र लागायचे.

फ्रीडरिशहाफेनला आमचे गाडे अडले. काउंट झेपेलिनचे पहिले हवाई जहाज २ जुलै १९०० रोजी याच गावाजवळ सरोवरावरून उडाले. आमच्यापैकी एकाचा गुडघा मात्र तिथे जमिनीवरूनही पुढे सरकेना. कोणाचा, ते विचारू नका. पर्याय दोन होते. एक, दोन दिवस तिथेच थांबायचे. दुसरा, सायकली फेरीबोटीवर चढवून सरळ पलीकडे रोमान्सहॉर्नला, स्वित्झर्लंडमध्ये उतरायचे. प्रदक्षिणा मोडणार होती. बराच वाद झाला. "देव गुडघ्याचा हिशेब मागत नाही," हे वाक्य शेवटी निर्णायक ठरले, आणि आम्ही बोटीत बसलो.

आणि त्या बोटीवर, पाण्याच्या मधोमध, ती दाखवता न येणारी सीमा आली. म्हणजे आलीच नाही.

कारण असे. बोडनझेच्या वरच्या सरोवराचा मुख्य भाग तीन देशांत कसा वाटायचा, याचा करार आजवर झालेला नाही. कोन्स्टान्झजवळचा उपसागर आणि खालचे सरोवर यांच्या रेषा ठरलेल्या आहेत, पण मोठ्या पाण्याची नाही. स्वित्झर्लंडचे मत, सीमा मधून जाते. ऑस्ट्रियाचे मत, पाणी तिघांच्या सामायिक मालकीचे आहे. जर्मनीने एकच ठाम भूमिका घेतलेली नाही. तत्त्वज्ञानात सीमांचे दोन प्रकार मानतात. काही वस्तूतच असतात, जसा तळ्याचा काठ. काही माणसांनी मानलेल्या असतात, जशी तालुक्याची हद्द. इथे पहिली आहे आणि दुसरी नाही. अर्धे स्वातंत्र्य निसर्गाचे आणि अर्धे माणसाच्या आळसाचे, असे म्हणा हवे तर.

तुम्ही विचाराल, मग तिथे अनागोंदी आहे का? मुळीच नाही. १८९३ मध्येच ब्रेगेन्झला मासेमारीचा करार झाला. काठालगतचे, २५ मीटर खोलीपर्यंतचे पाणी ज्याचे त्याने सांभाळायचे, पुढचे खोल पाणी सगळ्यांचे. वादळाची सूचना देणारे दिवे तीनही देशांच्या काठांवर एकाच पद्धतीने लुकलुकतात. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येतो आहे, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. वादळ पासपोर्ट बघत नाही, हे कोळ्यांना वकिलांच्या आधी कळले होते.

पण खरी कसोटी पुढे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर गावे वाढली, साबणांत फॉस्फेट आले, सांडपाणी सरोवरात येऊ लागले. फॉस्फरस हे शेवाळाचे खत. शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते आणि खालचा प्राणवायू खाऊन टाकते. १९५० च्या सुमारास घनमीटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत असलेला फॉस्फरस १९७९-८० च्या सुमारास ऐंशीच्या वर गेला. सरोवर गुदमरू लागले. आणि हेच पाणी माणसे पितात! झिप्लिंगेन गावापाशी साठ मीटर खोलीवरून ते उचलले जाते आणि श्टुटगार्टपर्यंत सुमारे चाळीस लाख लोकांना पुरवले जाते.

अशा वेळी साधा मार्ग कोणता होता? आधी पाणी कुणाचे ते ठरवू, मग घाण कुणाची ते ठरेल. त्या वाटेने गेले असते, तर आजही खटला चालू असता. त्यांनी मालकीचा प्रश्न तसाच ठेवला आणि १९५९ मध्ये सरोवराच्या रक्षणासाठी संयुक्त आयोग नेमला. काठावरच्या आणि नद्यांच्या खोऱ्यातल्या गावांना सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे बांधायला लावली. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट बंदच केले. आज फॉस्फरस पुन्हा दहाच्या आत आहे. 'हे कुणाचे?' हा प्रश्न न सोडवता 'याचे काय करायचे?' हा प्रश्न सोडवता येतो, याचा इतका स्वच्छ पुरावा आम्हाला कुठल्या ग्रंथात सापडला नव्हता.

इथे थोडे थांबू या. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला, २००४ मध्ये दुसरा नेमला, हे सगळे तुमच्या मनात आलेच असेल. पण उदाहरण जसेच्या तसे उचलू नये. बोडनझेला पाणी मुबलक आहे. प्रश्न ते स्वच्छ ठेवण्याचा होता, आणि घाण झाले तर तिघांचेही नुकसान होते. आपल्याकडे प्रश्न वाट्याचा आहे. एकाला जास्त मिळाले, की दुसऱ्याला कमी पडते. तिथे मालकी बाजूला ठेवता येत नाही. तरी प्रदूषणापुरते, निदान तेवढ्यापुरते, तरी ते शहाणपण घ्यायला काय हरकत आहे?

गोष्ट इथे सुखान्त होत नाही. पाणी इतके स्वच्छ झाले, की माशांना खायला कमी पडू लागले, असे तिथले कोळी म्हणतात. त्यातच २०१६ मध्ये क्वागा नावाचा परका शिंपला सरोवरात आढळला. तो पाणी गाळून उरलेसुरले अन्नही फस्त करतो आणि पाणीपुरवठ्याच्या नळांत दाटी करतो. फेल्खेन हा तिथला मुख्य मासा. त्याच्या मासेमारीवर २०२४ पासून तीन वर्षांची बंदी घालावी लागली. एका पिढीने एक प्रश्न सोडवला, की त्याच्या पोटातून पुढच्या पिढीचा प्रश्न निघतो. त्याने आधीचे उत्तर चूक ठरत नाही. कोळ्याला मात्र हा युक्तिवाद ऐकवायला आमची जीभ रेटली नसती.

रोमान्सहॉर्नला एक दिवस विश्रांती घेतली. मग आगगाडीने ब्रेगेन्झला गेलो. तिकडच्या गाड्यांत सायकलीचे तिकीट काढून ती सोबत नेता येते. तिथून पुन्हा चाकांवर. ऱ्हाईनच्या मुखाशी आलो. नदीला बांध घालून थेट सरोवरात खूप आतपर्यंत नेऊन सोडले आहे, नाहीतर तिच्या गाळाने काठचा उपसागर भरून जाईल. गाळ येतोच आहे. हजारो वर्षांनी का होईना, पण ज्या नदीने हे सरोवर भरले, तीच ते बुजवणार आहे. पुलावर सायकली टेकवून आम्ही ते करडे पाणी निळ्या पाण्यात शिरताना बराच वेळ पाहत राहिलो. मग रोरशाख, रोमान्सहॉर्न, क्रॉइझलिंगेन, आणि आठव्या दिवशी कोन्स्टान्झ.

फ्रीडरिशहाफेन ते ब्रेगेन्झ हा सुमारे तीस किलोमीटरचा तुकडा आमच्या खाती नाही. सायकली परत करताना दुकानदाराने विचारले, "पूर्ण फेरी झाली का?" आम्ही दोघे एकदमच बोललो. एकाने "हो" म्हटले, दुसऱ्याने "नाही". त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटवायची फारशी घाईही नाही, कारण त्यावाचून आमचे काही अडलेले नाही.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर तीनच गोष्टी सांगतो. पाणी उजवीकडे ठेवा. खिशात युरोबरोबर थोडे फ्रँकही ठेवा. आणि गुडघा काही म्हणाला तर बोट पकडा. मधल्या पाण्यात पोचलात, की क्षणभर स्वतःला विचारा, "आत्ता आपण कुठल्या देशात आहोत?" उत्तर मिळणार नाही, पण बोट पलीकडे पोचेल.

आता प्रश्न असतील तर विचारा.