ज्युदो : ऑलिंपिकचे दार एकच, तेही अरुंद

मुलीला ज्युदोच्या वर्गात घातले की घरात पहिली चौकशी होते ती पट्ट्याच्या रंगाची. पिवळा मिळाला, आता हिरवा कधी आणि काळा कधी? शाळा, शिकवणी आणि लोकलचा प्रवास यांतून खेळासाठी वेळ काढावा लागणाऱ्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात पालकांनी असा हिशेब मांडणे स्वाभाविकच आहे. मात्र पट्टा हा शिक्षणाचा टप्पा असतो. तो मिळाला म्हणून ऑलिंपिकचे दार उघडत नाही. ते कशाने उघडते, हे मणिपूरच्या लिकमाबाम सुशीला देवी हिच्या कारकिर्दीवरून नीट समजते.

महिलांना हे दार उघडले तेच उशिरा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची शाळा काढली. पुरुषांचा ज्युदो १९६४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. महिलांना पदकासाठी १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावे लागले. अमेरिकेच्या रस्टी कानोकोगी यांनी १९५९ मध्ये पुरुष समजून स्पर्धेत उतरून लढत जिंकली, पण स्त्री असल्याचे कळताच त्यांचे पदक काढून घेण्यात आले. याच कानोकोगी यांनी पुढे पुढाकार घेऊन १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली.

सुशीलाचा जन्म १९९५ चा. ज्युदोपटू असलेल्या काकांमुळे ती इंफाळमध्ये या खेळाकडे वळली आणि पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात प्रशिक्षक जीवन शर्मा यांच्या हाताखाली घडली. ४८ किलो हा महिलांच्या सात वजनगटांतील सर्वांत हलका गट. त्यात तिने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मात्र २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ज्युदोचा समावेशच नव्हता. त्याच वर्षी मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने आशियाई स्पर्धेची संधीही गेली. खेळ सोडण्याचा विचार मनात येण्याइतका तो काळ कठीण होता. २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून ती सावरली.

ऑलिंपिकचे गणित मात्र एका पदकाने सुटत नाही. प्रवेश ठरतो तो जागतिक क्रमवारीवरून. ग्रां प्री, ग्रँड स्लॅम, खंडीय आणि जागतिक स्पर्धांतील कामगिरीचे गुण सुमारे दोन वर्षे जमा होतात. प्रत्येक वजनगटातील पहिल्या सतरा-अठरा जणींना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्यांसाठी खंडनिहाय कोटा असतो. पण त्यातून एका देशाला, पुरुष व महिला मिळून, एकच जागा मिळू शकते. म्हणजे सुशीलाची स्पर्धा परदेशी खेळाडूंइतकीच आपल्याच संघातील सहकाऱ्यांशीही होती. २०१२ मध्ये गरिमा चौधरी, २०१६ मध्ये अवतार सिंग, टोकियोत सुशीला आणि २०२४ मध्ये तुलिका मान असा प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच ज्युदोपटू दिसला.

या स्पर्धा बहुतेक परदेशात होतात. म्हणून गुण मिळवणे म्हणजे आधी विमानाचे भाडे मिळवणे. त्यासाठी सुशीलाने स्वतःची मोटार विकली होती. एवढे करूनही सगळे आपल्या हाती नसते. एप्रिल २०२१ मध्ये बिश्केक येथील आशिया-ओशियाना स्पर्धेत दोन भारतीय खेळाडूंना कोविडची लागण झाल्याने संपूर्ण संघाला माघार घ्यावी लागली आणि गुणांची मोठी संधी हुकली. अखेर आशियाई कोट्यातून तिला टोकियोचे तिकीट मिळाले. तेथे पहिल्याच लढतीत हंगेरीच्या एवा चेर्नोविच्की हिच्याकडून ती पराभूत झाली. चेर्नोविच्की ही २०१२ ची ऑलिंपिक कांस्यपदक विजेती. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला वेगाने व जोराने पाठीवर आपटले किंवा वीस सेकंद जखडून ठेवले की ‘इप्पॉन’ मिळून लढत तिथेच संपते. वर्षांची तयारी क्षणात निकालात निघू शकते, ती अशी.

सुमारे वर्षभराने, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, सुशीला पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. दक्षिण आफ्रिकेच्या मिकेला व्हाइटबुई हिने तिला वाढीव वेळेत हरवले आणि आठ वर्षांनी दुसरे रौप्यपदक तिच्या वाट्याला आले.

म्हणूनच वर्ग निवडताना पट्ट्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारायला हवेत. मुलीच्या वजनाच्या आसपासच्या किती जणी सरावाला येतात? जिल्हा आणि राज्य निवड चाचण्यांना वर्गातून मुली जातात काय? दुखापत झाली तर उपचार व विश्रांतीची काय सोय आहे? काळा पट्टा मिळवणाऱ्या सगळ्याच मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नको. तोल सावरणे, न घाबरता पडणे आणि पडल्यावर उठणे ही शिदोरी कोणत्याही मुलीला पुरते. पण जिला पुढे जायचे आहे, तिच्या घरच्यांना वाटेचा खर्च, वेळ आणि धोके आधीच ठाऊक असलेले बरे.