पोटातील मुरड्याची उपेक्षा नको

आपल्या औसा भागात वारंवार उठणारा पोटातील मुरडा ओवा, सुंठ आणि लंघन यांच्या भरवशावर महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो; परंतु जी कळ 3 महिने सातत्याने उठत राहते आणि शौचाशी जिचा संबंध दिसतो, ती बहुधा आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेची असली, तरी मलावाटे रक्त, ज्वर, वजनाची घट किंवा वेदनेने होणारी झोपमोड यांपैकी एकही लक्षण दिसताच आतड्याचा क्षय, दाह वा अर्बुद यांसाठी तपासणी अगत्याची ठरते. क्षय केवळ फुप्फुसातच होतो, ही समजूत घातक आहे. प्रथम औशाच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढील तपासण्यांसाठी लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 20 किलोमीटरांवर आहे. कळ केव्हा उठते, शौचाला कसे होते, याची इत्थंभूत हकीकत लिहून न्यावी. लाजेपोटी काहीही दडवू नये.