एमजीबी आणि तिचे दोन कार्बोरेटर

जुनी स्पोर्ट्स मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचा नाद ज्याला लावून घ्यावयाचा असेल, त्याने अधिक देखण्या आणि अधिक मिजासखोर गाड्यांच्या मोहात पडण्यापूर्वी इंग्लंडच्या एमजीबीकडे एकवार पाहावे, असे माझे या छंदातील अनेक वर्षांच्या अनुभवांती बनलेले मत आहे. कारण बॉनेट उचलताच हिची बहुतेक यंत्ररचना हाताशी येते, आणि सुटे भाग आजही मुबलक मिळतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात एमजीचा पाया घातला. एमजीबी १९६२ साली आली, ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८०पर्यंत तयार होत राहिली आणि सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक निघाली. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमने कारखान्याचे दप्तर जतन केले असून, आपली गाडी कोणत्या तारखेस व कोणत्या रंगात बाहेर पडली याचा रीतसर दाखला तेथून मिळतो. त्या संग्रहालयात मी गेलो तेव्हा बरोबरची मंडळी रंगरूप न्याहाळीत पुढे निघून गेली. मी मात्र जेथे बॉनेट उघडे दिसेल तेथे घुटमळत राहिलो.

मराठी वाचकाला हे इंजिन सर्वस्वी परके नाही. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ कुळातले, आणि आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये कित्येक वर्षे धावलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच कुळातले. त्यामुळे ॲम्बॅसिडरचे टॅपेट सेट करणारा आपल्याकडचा जुना मिस्त्री एमजीबीपाशी बिचकण्याचे कारण नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे, म्हणजे एसयू कार्बोरेटरकडे, वळतो. सुरुवातीच्या एमजीबीवर एचएस ४ जातीचे दीड इंची दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी बसविलेले असतात. प्रत्येकाच्या घुमटात एक पिस्टन वरखाली होतो आणि त्या पिस्टनला खाली निमुळती होत गेलेली पितळी सुई जोडलेली असते. इंजिनाने हवा अधिक ओढली की घुमटातील निर्वातामुळे पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंदावते, आणि त्याच क्षणी सुई जेटमधून वर सरकल्याने पेट्रोलची वाटही त्याच बेताने मोकळी होते; एका हालचालीत हवा आणि इंधन दोहोंचा बंदोबस्त करणारी ही योजना जितकी साधी तितकीच बुद्धिमान आहे. पिस्टनच्या दांड्यात थोडे इंजिन ऑइल असते, ते पिस्टनला एकदम उसळू देत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर दाबताच मिश्रण क्षणभर दाट होते आणि गाडी अडखळत नाही.

मिश्रणाची परीक्षा तर इतकी सोपी, की हातच्या काकणाला आरसा कशाला! इंजिन तापल्यावर कार्बोरेटरचा पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभरही नव्हे, उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट. वेग तत्काळ पडला तर पातळ. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर योग्य. जेटखालची षट्कोनी नट वर चढविली की मिश्रण पातळ होते, खाली उतरविली की दाट, आणि ती एका वेळी एकाच कडेइतकी फिरवावी. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे ऑक्सफर्डशायरमधील एक वृद्ध गृहस्थ रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून, फुसफुस ऐकून ठरवीत. त्यांच्या हातची गाडी तबल्यासारखी सुरात लागे. हे कार्बोरेटर काढून त्यांच्या जागी एकच वेबर कार्बोरेटर बसविण्याची टूम मला मुळीच मान्य नाही.

मात्र कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी कळस मग पाया हा शिरस्ता येथे चालत नाही. प्रथम टॅपेट, मग पॉइंट आणि प्लग, मग टायमिंग. इंजिन थंड असताना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, फट ०.०१५ इंच ठेवावी, आणि कोणता व्हॉल्व्ह केव्हा मोजावा हे नऊच्या नियमाने ठरवावे: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला, सातवा उघडा असताना दुसरा, म्हणजे दोन अंकांची बेरीज नेहमी नऊ. मिलिमीटरचे पाने या गाडीच्या बहुतेक नटांना बसत नाहीत. इंची पान्यांचा संच वेगळा घ्यावा.

इंजिनाबरोबर गाडीचा पत्राही तपासावा. दारांखालच्या पोकळ पत्र्यांवर, ज्यांना सिल म्हणतात, गाडीची सारी मजबुती अवलंबून असते. ते गंजले असतील तर वेल्डिंग जाणकाराकडूनच करवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. आणि आपल्या आवारात एखादी जुनी पेट्रोल ॲम्बॅसिडर पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एका रविवारी तिचे टॅपेट कव्हर उघडा, फीलर गेज घ्या आणि नऊचा नियम करून पाहा.