वाडीतला पातेरा: जाळायचा, कुजवायचा की झाडाखालीच ठेवायचा?

पालीच्या परिसरातल्या वाडीत वर्षभर निघणारा कचरा एका जातीचा नसतो. आंबा-फणसाचा पातेरा, नारळाच्या झावळ्या आणि सोडणे, सुपारीच्या विऱ्या, कुंपणाची छाटणी, पावसात माजलेले तण आणि देवाला वाहून झालेल्या दुर्वा-फुलांचे निर्माल्य अशी त्याची मिसळ असते. यातले काही चार आठवड्यांत मातीत मिसळते, तर काही चार वर्षे तसेच पडून राहते. त्यामुळे सगळे एकाच ढिगात ओतून काडी लावणे हा सोपा मार्ग असला, तरी त्यात वाडीचे नुकसान फार होते.

काडी लावण्याची सवय आळसातून आलेली नाही. सुधागड तालुक्यासह रायगड-ठाण्याच्या भातपट्ट्यात राब भाजण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. झाडांची कवळे तोडायची, त्यांचा थर, वर शेण, गवत, पालापाचोळा आणि शेवटी मातीचा पातळ थर देऊन उन्हाळ्यात तो भाजायचा. पावसाच्या तोंडावर त्याच जागी रोपांसाठी भाताचे बी पेरायचे. भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. कोकणच्या आम्लधर्मी मातीला राख मानवतेही. रोपवाटिकेच्या लहानशा तुकड्यापुरता हा हिशेब समजण्यासारखा आहे. मात्र परसातला पातेरा रोज सकाळी पेटवणे म्हणजे राब नव्हे. त्या आगीत पानांतला जवळजवळ सगळा नत्र हवेत जातो, मातीला भुसभुशीत करणारा सेंद्रिय भाग संपतो आणि धूर शेजाऱ्याच्या घरात शिरतो. मार्च ते मे या काळात ठिणगी डोंगराच्या वाळल्या गवतात गेली, तर वणवा लागायला वेळ लागत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे कचरा आवाराबाहेर रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकता, जाळता वा पुरता येत नव्हता. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची व्यवस्था लावायची होती. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. पातेरा अंबा नदीच्या काठावर नेऊन लोटणेही या नियमांत बसत नव्हते. पहिल्या मोठ्या पावसात तो पुलाच्या कमानीत नाहीतर खालच्या गावाच्या काठाला अडकतो.

सगळ्यांत कमी कष्टाची वाट म्हणजे पातेरा जिथे पडला तिथेच कामाला लावणे. आंब्याचे पान जाड आणि चिवट असल्याने लवकर कुजत नाही. खत म्हणून हा त्याचा दोष, पण आच्छादन म्हणून तोच गुण. पाऊस सरला की ऑक्टोबरात आळ्यांमध्ये चार-सहा इंच जाडीचा थर पसरला, तर ओल टिकते, तण दबते आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या लांबतात. थर खोडाला मात्र टेकवायचा नाही, कारण ओलसर पातेऱ्याखाली वाळवी सालीवर चढते. लोक पातेरा झाडून जमीन लख्ख करतात आणि मग त्याच झाडाला विकतचे खत घालतात, हे जरा विचित्रच आहे.

नारळाचे तर काहीच टाकायचे नसते. झावळ्यांचे झाप विणले जातात, पावसाळ्याआधी, आगोटीच्या दिवसांत ते भिंतींना आडोसा म्हणून लावतात, हिरांचे खराटे होतात. उरलेली पाने कातरून आळ्यात जातात. सोडणे मात्र वर्षानुवर्षे कोपऱ्यात साचतात. त्यांचा उत्तम उपयोग म्हणजे माडापासून पाच-सहा फुटांवर चर खणून ती थराथराने पुरणे. प्रत्येक सोडण उताणे, पोकळ बाजू वर करून ठेवतात आणि थरांमध्ये माती टाकतात. सोडण आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. असा चर पाच-सात वर्षे उपयोगी पडतो.

उरलेल्या हिरव्या-सुक्या मिसळीचे कंपोस्ट करता येते. कुजवणारे जिवाणू कर्बावर जगतात, पण त्यांना नत्रही लागतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असेल, तर काम वेगाने चालते. नुसत्या सुक्या पानांत नत्र फार कमी, म्हणून तो ढीग वर्षभर हलत नाही. नुसते ओले गवत टाकले तर ते चिकट होऊन आंबूस वास मारते. सुक्या पानांत कुंपणाच्या गिरिपुष्पाचा पाला किंवा शेणकाला आणि ओल्या गवतात सुकी पाने मिसळली की दोन्ही अडचणी सुटतात. ढीग किमान तीन फूट लांब, रुंद आणि उंच असावा. एवढा आकार असला तरच आतली उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि तणाचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. ढीग पालटल्यावर बाहेरचा भाग आत जातो.

हे शास्त्र घडवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला शेतातल्या टाकाऊ वस्तूंचे पद्धतशीर कंपोस्ट करून दाखवले. १९३१ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक यशवंत वाड होते. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी पुढे भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकीत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि चाळलेली माती थराथराने भरून वरून लिंपतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. गुरे कमी होत चाललेल्या गावात इतक्या थोड्या शेणावर काम भागणे, ही या पद्धतीची खरी ताकद आहे. गांडूळखत त्याहून बारीक आणि सकस निघते, पण गांडुळांना सावली, सतत ओल आणि मुंग्यांपासून बचाव लागतो. आधी अर्धवट कुजलेलाच माल त्यांना द्यावा लागतो.

कोकणात कंपोस्टच्या खड्ड्याला दोन धोके असतात. पहिला पावसाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या भागात उघडा खड्डा जूनमध्ये पाण्याने भरतो, हवा संपते, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि कस वाहून जातो. म्हणून ढीग जमिनीवर, थोड्या उंच जागी आणि झापांच्या छपराखाली रचावा. दुसरा धोका गेंड्या भुंग्याचा. हा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळे पान कुरतडतो; उमललेल्या झावळीवर मग पंख्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याची पांढरी, वाकडी अळी वाढते ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या माडाच्या खोडात. अशा वेळी ढीग वारंवार पालटून अळ्या वेचाव्यात किंवा मेटॅरायझियम ही बुरशी खड्ड्यात मिसळावी, जी अळ्यांना मारते. मेलेल्या माडाचे खोड मात्र वाडीत कुजत ठेवू नये.

रोगट मालाची वाट वेगळी. कोळे रोगाने गळलेली सुपारी आणि कोंब कुजलेल्या माडाचे अवशेष परसातल्या थंड ढिगात गेले, तर रोगाचे बीज पुढच्या पावसापर्यंत टिकते. ते गोळा करून ताबडतोब बागेबाहेर काढावेत आणि कसे संपवायचे, हे कृषी सहायकाला विचारून ठरवावे. घाणेरी आणि रानमोडी बी धरण्याआधीच तोडली तर खुशाल कंपोस्टात घालावी. बी पडल्यावर ती फक्त नीट तापणाऱ्या ढिगातच चालते.

निर्माल्यात दुर्वा, जास्वंद, झेंडू हा भाग झपाट्याने कुजणारा असतो. बल्लाळेश्वर गणपतीच्या देवळामुळे पालीत भाद्रपदात आणि माघात फुलांची वर्दळ वाढते, तशी घरोघरची परडीही भरते. हारांचे दोरे, प्लास्टिक आणि जरीचे तुकडे आधी वेगळे काढले, तर उरलेला भाग सुक्या पातेऱ्यात मिसळून नत्राची कमतरता भागवतो. छाटणीतल्या जाड फांद्या मात्र कंपोस्टात घालू नयेत. त्या चुलीला जातात आणि त्यांची चाळलेली राख थोडी थोडी आळ्यात टाकता येते.

तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. पाने अजून ओळखू येत असतील, तर ते आणखी महिनाभर ठेवावे. जुलैच्या मुसळधार पावसात ते घालणे व्यर्थ. एकतर पाऊस नुकता सुरू होताना मातीखाली झाकून द्यावे, नाहीतर सप्टेंबरअखेर जोर ओसरल्यावर आळे मोकळे करून घालावे आणि त्यावर नवा पातेरा पसरावा.